डोळे मिटून घर पाहा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. दोन्ही कामांत माणसाची कसोटी लागते, हा त्याचा अर्थ. पण घर बांधून झाल्यावर त्यात राहणाऱ्या शरीराचीही एक कसोटी सुरू होते. तिच्याविषयी ही म्हण काही सांगत नाही. म्हणून या आठवड्यात घर आणि आरोग्य यांविषयी थोडे बोलू.

सटाणा शहरात आणि बागलाणच्या गावागावांत घरांचे रूप पार बदलले आहे. धाब्याची मातीची घरे जाऊन स्लॅबची घरे आली. डाळिंबाला, द्राक्षाला किंवा कांद्याला एखाद्या वर्षी बरा भाव सापडला की पहिला पैसा घराला लागतो. त्यात गैर काहीच नाही. जुन्या घरात पावसाळ्यात गळती होती, उंदीर-घुशी होत्या, भिंतीच्या फटीत विंचू होता आणि चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचे भाते होत होते. त्या घरांचे गोडवे गाण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही.

मात्र नवे घर दाखवायला लोक मला नेतात तेव्हा काय दाखवतात, ते पाहण्यासारखे असते. फरशीची चकाकी पाहा, पीओपीचे छत पाहा, भिंतीचा रंग पाहा, दर्शनी बाजू पाहा. सगळे ‘पाहा’च! पुढे सहा महिन्यांनी त्याच घरातली माणसे दवाखान्यात येतात. कुणाला रात्री झोप नाही. कुणाचे डोके ठणकते. कुणाची आई मोरीत घसरली. कुणाचे वडील ‘घरात करमत नाही’ म्हणून दिवसभर पारावर बसून राहतात. या साऱ्या तक्रारींचे खापर घरावर फोडता येणार नाही. पण काहींचे मूळ घराच्या बांधणीतच असते, हे इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी पाहिले आहे.

घर आपण डोळ्यांसाठी बांधतो, पण त्यात राहतो सगळ्या शरीराने. कान, नाक, कातडी, पायांचे तळवे ही सारी इंद्रिये घराशी चोवीस तास बोलत असतात. डोळे मात्र रात्री मिटतात आणि वय झाल्यावर दिवसाही मंदावतात.

तोल सांभाळणारे तिघे

माणूस दोन पायांवर उभा राहतो ही साधी गोष्ट नाही. मेंदूला त्यासाठी सतत तीन ठिकाणांहून बातमी लागते. पहिली डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आत असलेल्या तोलाच्या इंद्रियाकडून. तिसरी पायांचे तळवे, सांधे आणि स्नायू यांच्याकडून. तिघांपैकी एक कमजोर झाला तर उरलेले दोघे काम सांभाळून नेतात. दोघे कमजोर झाले की माणूस भिंत धरून चालू लागतो.

साठी उलटल्यावर मोतीबिंदू येतो. मधुमेह जुना असेल तर तळव्यांची जाणीव बोथट होते. कानातले इंद्रियही वयानुसार थकते. म्हणजे ज्या वयात शरीर कमी बातम्या देते, त्याच वयात घराने जास्त बातम्या द्यायला हव्यात. आपली नवी घरे नेमके उलटे करतात.

पडणे ही किरकोळ बाब समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की नुसते हाड मोडत नाही. हिंडणे-फिरणे, भूक आणि उमेद सारेच मोडते.

एका आजींची गोष्ट

मोसम खोऱ्यातल्या एका गावच्या आजी माझ्याकडे बरीच वर्षे येत. वय ऐंशीच्या घरात. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याने अंधुक दिसे. तरी जुन्या घरात त्या रात्री-अपरात्री एकट्या उठत, परसदारी जाऊन येत. कुणाला हाक मारत नसत.

हे कसे जमत होते? त्यांच्याशी बोलल्यावर उलगडा झाला. खाटेवरून पाय खाली टाकला की सारवलेली जमीन. चार पावलांवर लाकडी खांब, त्याला हात लावून वळायचे. मग उंबरा लागला की माजघर संपले. चुलीमागची भिंत रात्रीही जरा कोमट असायची, तिच्या कडेने गेले की दार. दाराबाहेर दगडी पायरी, गार. गोठ्याचा वास डाव्या हाताला. आजी डोळ्यांनी चालतच नव्हत्या. त्या तळव्यांनी, हातांनी आणि नाकाने चालत होत्या.

मुलाने नवे घर बांधले. मुलगा गुणी, आईवर जीव असलेला. तिच्यासाठी स्वतंत्र खोली काढली, खोलीला लागून बाथरूम दिले. पण हॉलपासून बाथरूमपर्यंत एकच गुळगुळीत, पांढरी, चकचकीत फरशी. भिंती पांढऱ्या, दारेही पांढरी. बाथरूममध्ये उतरताना एक पायरी, तीही त्याच फरशीची. आजींना भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होते ते कळेना. पायाला सगळीकडे सारखेच लागे. खोलीत वास कसला नाही, आवाज कसला नाही. ‘या नवा घरमा मना जीव लागत नही,’ असे त्या मला म्हणाल्या. घरच्यांना वाटले, म्हातारपणाचा हट्ट. चौथ्या महिन्यात त्या बाथरूमच्या पायरीवर पडल्या. खुबा मोडला, नाशिकला नेऊन ऑपरेशन करावे लागले.

परत आल्यावर त्यांच्या मुलाने आणि मी मिळून घरात फिरून पाहिले. मोठी तोडफोड केली नाही. बाथरूमच्या दारापाशी आणि आत खरबरीत फरशी बसवली. पायरीच्या काठावर गडद लाल पट्टा ओढला. खाटेपासून बाथरूमपर्यंत भिंतीला लाकडी दांडी लावली. दाराची चौकट तपकिरी रंगवली. आणि दिवसाची खाट आतल्या खोलीतून पुढच्या पडवीत आणली. तिथे रस्त्यावरची माणसे दिसत, स्वयंपाकघरातली फोडणी नाकाला कळे, नातवंडांचा गलका ऐकू येई. आजी पूर्वीसारख्या चालू लागल्या असे मी म्हणणार नाही. काठी शेवटपर्यंत राहिली. पण त्या दांडी धरून एकट्या जाऊ-येऊ लागल्या आणि जेवण मागून घेऊ लागल्या. औषधाच्या चिठ्ठीत मी काही बदल केला नव्हता.

न दिसणाऱ्यांसाठी बांधलेली शाळा

आजींना जे अनुभवातून ठाऊक होते, ते आता वास्तुशास्त्रज्ञही अभ्यासून वापरत आहेत. गुजरातमध्ये गांधीनगर येथे अंध व दृष्टिहीन मुलांसाठी एक शाळा २०२१ च्या सुमारास बांधून झाली. अहमदाबादच्या ‘सीलॅब’ या संस्थेने तिचा आराखडा केला. त्या इमारतीत भिंतींचे प्लॅस्टर जागोजागी वेगळे आहे. कुठे आडव्या रेघा, कुठे उभ्या. भिंतीवर हात फिरवत चालणाऱ्या मुलाला आपण कोणत्या बाजूला आहोत ते बोटांना समजते. वर्गाच्या दारापाशी जमिनीचा दगड खरबरीत आहे, इतरत्र गुळगुळीत. म्हणजे वर्ग आला हे पायाला कळते. मोकळ्या चौकांत सुवासिक झाडे आहेत. छताची उंची जागोजागी बदलती ठेवल्याने पावलांचा आणि बोलण्याचा आवाजही बदलतो.

परदेशांतही हा विचार रुजला आहे. फिनलंडचे वास्तुशास्त्रज्ञ युहानी पालास्मा यांनी १९९६ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. आजची वास्तुकला केवळ डोळ्यांच्या आहारी गेली आहे, इमारत ही कातडीने, कानाने, नाकानेही अनुभवायची वस्तू आहे, असे त्यात त्यांनी मांडले. ते पुस्तक आज जगभर वास्तुकलेचे विद्यार्थी वाचतात.

देवळाकडून शिकण्यासारखे

खरे तर आपल्याला त्यासाठी फिनलंडला जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात सिन्नरला गोंदेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. उन्हातून आत जाताना काय होते ते आठवा. पादत्राणे बाहेर काढलेली. तळव्यांना आधी तापलेला दगड, मग सावलीतला गार दगड. सभामंडपात अर्धा उजेड. घंटेचा नाद दगडात घुमतो. पुढे गाभाऱ्यात अंधार, फुलांचा आणि उदबत्तीचा वास. हातावर तीर्थ, त्यात तुळशीची चव. पाचही इंद्रिये जागी होतात आणि मन आपोआप शांत होते.

यात डॉक्टर म्हणून मला सभामंडपाचा अर्धा उजेड फार मोलाचा वाटतो. लख्ख उन्हातून एकदम अंधारात गेले की काही वेळ दिसत नाही. बाहुली मोठी व्हायला आणि डोळ्याच्या पडद्याला सरावायला वेळ लागतो. वय वाढते तसा हा वेळही वाढतो. सभामंडप डोळ्यांना तेवढी सवड देतो. जुन्या घराची ओटी आणि पडवी हेच काम करीत. नव्या घरात रस्त्यावरच्या उन्हातून थेट हॉलमध्ये पाऊल पडते. नेमक्या त्या पहिल्या दोन-चार पावलांत म्हातारी माणसे अडखळतात. म्हणून जागा कमी असली तरी दारापुढे चार फुटांची का होईना, सावलीची पडवी सोडा.

कान : घुमणारी खोली

रिकामी सिमेंटची खोली घुमते. कठीण भिंत आणि कठीण फरशी आवाज परतवतात. तरुणांना त्याचे काही वाटत नाही. पण वयोमानाने कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, फ ही अक्षरे नीट ऐकू येत नाहीत. त्यात खोली घुमत असली की शब्द शब्दात मिसळतो. मग टीव्हीचा आवाज वाढतो, बोलणाऱ्याचा पट्टा चढतो आणि ‘यांना ऐकूच येत नाही’ म्हणून घरात कुरबुरी होतात. माणूस हळूहळू बोलणेच सोडतो.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, भिंतीला टेकून लाकडी कपाट, खाटेवर गोधड्यांची चळत. या वस्तू आवाज पिऊन टाकतात. दुसरी गोष्ट झोपेच्या खोलीची. विंचूर-प्रकाशा महामार्ग आपल्या गावातूनच जातो आणि रात्रभर अवजड गाड्या धावतात. अशा रस्त्यालगत घर असेल तर निजायची खोली मागच्या बाजूला घ्या. आवाजाने जाग आली नाही तरी झोप उथळ होते आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते बाधते.

नाक : वास आणि इशारा

वासाची नस मेंदूतल्या भावना आणि आठवणी यांच्या भागाशी फार जवळून जोडलेली आहे. म्हणून पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की लहानपण आठवते. म्हाताऱ्या माणसाची खोली स्वयंपाकघरापासून पार तोडू नका. भाकरीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते आणि भूक लागते; दोन घास जास्त जातात. चवीचा अर्धा कारभार नाकाकडेच असतो.

नाक हा घरातला पहारेकरीही आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती समजावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वय झालेल्या माणसाला तो वास उशिरा कळतो किंवा कळतच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत साचतो. म्हणून स्वयंपाकघरात वरच्या झरोक्याइतकीच खाली जमिनीलगतही हवेला वाट हवी. धूर वरून जातो, गॅस खालून. बांधतानाच गवंड्याला हे सांगून ठेवा. नव्या रंगाचा, पॉलिशचा उग्र दर्प असेतोवर त्या खोलीत दम्याचा रुग्ण किंवा तान्हे बाळ निजवू नये, हेही लक्षात असू द्या.

कातडी : ऊन आणि गारठा

मातीची जाड भिंत आणि धाबे ऊन हळूहळू पीत आणि हळूहळू सोडत. सिमेंटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. वैशाखात वरच्या मजल्यावर निजणाऱ्याला त्याचा अनुभव असेलच. वृद्धांना तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यामुळे अंगातली उष्णता वाढत चालल्याचे त्यांना कळत नाही. गच्चीवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात मारा. ऊन बरेचसे परतून जाते. समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके ठेवा. म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर निजवू नका. पौष-माघाच्या गारठ्यात मात्र गुळगुळीत फरशी बर्फासारखी लागते. तेव्हा खाटेखाली चटई किंवा घोंगडी अंथरा. उठताना पहिले पाऊल उबेवर पडू द्या.

दवाखान्यालाही घरपण हवे

ही गोष्ट घरांपुरती नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गोंड आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी त्या लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्सचे कपडे पांढरे. आमच्यात पांढरे कापड मढ्यावर घालतात, असे लोकांनी सांगितले. तेव्हा बंग दांपत्याने शोधग्राम येथील दवाखाना गोंड गावासारखाच उभारला. रुग्णांसाठी झोपड्या, सोबत राहायला नातेवाईक, आणि दवाखान्याला नाव लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे. जागा ओळखीची झाली आणि भीती गेली.

फिनलंडमध्ये १९३३ साली पूर्ण झालेल्या पायमिओ येथील क्षयरोग्यांच्या इस्पितळात आल्वार आल्टो या वास्तुशास्त्रज्ञाने असाच विचार केला होता. रुग्ण दिवसभर उताणा पडून असतो, त्याला दिसते ते छतच. म्हणून छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग दिला. हात धुण्याच्या भांड्याचा उतार असा ठेवला की पाणी आवाज न करता पडावे आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये.

१९८४ मध्ये रॉजर उल्रिच यांनी अमेरिकेतल्या एका इस्पितळाची पाहणी प्रसिद्ध केली. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. रुग्ण थोडेच होते, २३ जोड्या. तरी तेव्हापासून इस्पितळे बांधणारे खिडकीचा विचार अधिक गांभीर्याने करू लागले. घरी आजारी माणसाची खाट लावताना आपणही एवढे पाहू शकतो.

काय करावे?

ज्यांचे घर बांधून झाले आहे, त्यांनी एक प्रयोग करावा. रात्री सोबत एकाला घ्या, त्याने तुमचा दंड धरावा. डोळे मिटा आणि अनवाणी खाटेपासून बाथरूमपर्यंत चालत जा. वाटेत हाताला काय लागते? पायाला बदल कुठे कळतो? कुठे छातीत धस्स होते? जिथे धस्स होते ती जागा दुरुस्त करा. बाथरूममध्ये खरबरीत फरशी किंवा रबरी चटई, भिंतीला पक्की दांडी, पायरीच्या काठाला गडद पट्टा, वाटेवर जमिनीलगत झिरोचा दिवा. एवढ्याने निम्मे काम होते. दांडी लाकडाची असली तर उत्तम. थंडीत ती लोखंडासारखी हाताला गार लागत नाही, म्हणून माणूस ती खरोखर धरतो.

ज्यांचे घर अजून कागदावर आहे, त्यांनी नकाशा पक्का करण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवावे. त्यांचा दिवस कुठे जातो, रात्री किती वेळा उठावे लागते, सकाळचे ऊन कुठे हवे, ते विचारावे. इंजिनिअरला हे प्रश्न सुचतीलच असे नाही.

आणि फरशी घ्यायला दुकानात जाल तेव्हा आईला किंवा वडिलांना बरोबर न्या. दुकानदाराला फरशीचा एक तुकडा जमिनीवर ठेवायला सांगा, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि त्यांचा हात धरून त्यांना अनवाणी त्यावर उभे करा. त्यांचा पाय निःशंक टेकला तर ती फरशी घ्या. नाही टेकला तर रंग कितीही मनात भरला असला, तरी दुसरी दाखवा म्हणा.